मांडवीतल्या कॅसिनो बोटी : सेवा कशी आहे, आणि ती मालवणात हवी का

‘गोव्याला चालतं, मग सिंधुदुर्गाला का नाही?’ हा प्रश्न मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीच्या हॉटेलवाल्यांत अधूनमधून निघतोच. जानेवारी २०२३ मध्ये गोव्यातल्या मोपा विमानतळावरून विमानं सुटायला लागल्यापासून तो जास्तच निघतो, कारण बांद्यापासून जवळच उतरलेला प्रवासी आपल्याकडे न वळता पणजीला जातो हे सगळ्यांना दिसतं. पण या वादात हिरिरीने बोलणाऱ्या दोन्ही बाजूंच्या बऱ्याच जणांना बोटीवर नेमकं काय विकलं जातं, कितीला आणि कोणत्या नियमाने, याची कल्पना नसते. म्हणून आधी पणजीजवळ मांडवी नदीत नांगरलेल्या कॅसिनो बोटींकडे एक सेवा म्हणून पाहू, आणि मग तीच सेवा आपल्या किनाऱ्यावर आणली तर काय होईल ते बघू.

माझं मत आधीच सांगतो. सेवा म्हणून बोट चोख आहे. मालवणला मात्र ती नको. सोवळेपणाने हे म्हणत नाही. ही सेवा ज्या गावात उभी राहते त्या गावालाच वगळून चालते, आणि मालवणचं पर्यटन नेमकं गावाच्या हातांवर चालतं, म्हणून म्हणतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. गोव्याचा सार्वजनिक जुगार कायदा १९७६ चा. त्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळाला परवानगी मिळाली आणि १९९६ च्या दुरुस्तीने बोटींवर टेबलाचे खेळ आले. आजही फरक तोच आहे: डीलर समोर बसून पत्ते वाटतो किंवा चक्र फिरवतो तो खेळ कायद्याने बोटीवर, हॉटेलातल्या कॅसिनोत इलेक्ट्रॉनिक खेळ. योगायोग असा की महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कॅसिनोंचा कायदा केला होता, पण तो कधी अमलातच आणला नाही, आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे आज ज्याला सिंधुदुर्गात कॅसिनो हवा आहे त्याला नवा कायदाच करून घ्यावा लागेल. ‘नुसतं लायसन द्या’ म्हणून भागणार नाही.

आता बोट.

पणजीच्या दयानंद बांदोडकर मार्गावर कॅप्टन ऑफ पोर्ट्स या बंदर खात्याच्या कचेरीच्या आसपास प्रत्येक कंपनीचा काउंटर आहे. डेल्टिन, प्राइड, बिग डॅडी ही नावं पाट्यांवर दिसतात. तिकीट म्हणजे नुसता प्रवेश नसतो, पॅकेज असतं: फीडर बोटीने, म्हणजे काठावरून कॅसिनो बोटीपर्यंतच्या छोट्या बोटीने, ने-आण, बुफे जेवण, ठरावीक ब्रँडची दारू, स्टेजवरचा कार्यक्रम आणि काही रकमेची टोकनं. दर दिवसागणिक बदलतो. सोमवार ते गुरुवार कमी, शुक्रवारपासून चढा, आणि नाताळ-नववर्षाला कैक पटींनी. दोन-तीन हजारांपासून सुरुवात धरावी. सरकारी ओळखपत्र मूळ लागतं. वय २१ पूर्ण हवं. पुरुषांना हाफ पँट, बनियनवजा टीशर्ट, साध्या चपला चालत नाहीत. किनाऱ्यावरून सरळ आलेल्या ग्रुपमधले एकदोघे इथेच अडकतात आणि समोरच्या दुकानातून पँट विकत घेतात. बॅग तपासतात, बाहेरचं खाणं-पिणं काढून घेतात. टेबलाशी फोनवर बोलायला आणि फोटो काढायला मनाई आहे, आणि ती कडक पाळली जाते.

फीडर बोटीचा प्रवास काही मिनिटांचा. जाताना त्रास नाही. परतताना शनिवारी मध्यरात्रीनंतर रांग लागते, तेव्हा रेल्वे किंवा विमान गाठायचं असेल तर तासभर हाताशी ठेवूनच उठावं.

पॅकेजातली टोकनं हा पहिला समजून घ्यायचा भाग, कारण बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. ही टोकनं ‘ओटीपी’ म्हणजे एकदाच खेळायची असतात. ती काउंटरवर देऊन रोख मिळत नाहीत. डाव जिंकलात तर जिंकलेल्या रकमेच्या खऱ्या चिप्स मिळतात, पण टोकन डीलर काढून घेतो. हरलात तर ते जातंच. त्यामुळे १,००० रुपयांच्या टोकनाची खरी किंमत १,००० नसते. रूलेट म्हणजे फिरत्या चक्रात गोळी कोणत्या घरात पडेल त्यावर पैज. एका शून्याच्या रूलेटवर ३७ घरं असतात, शून्य आणि १ ते ३६. लाल-काळ्यावर ते टोकन लावलंत तर जिंकायची शक्यता ३७ पैकी १८, म्हणजे सरासरी हाती येतात सुमारे ४८६ रुपये. बारा आकड्यांच्या गटावर, जिथे दुप्पट मिळतात, तिथे सुमारे ६४९. एकाच आकड्यावर लावलंत तर सरासरी ९४६, पण तो आकडा ३७ वेळांत एकदाच लागायचा. काही ठिकाणी ही टोकनं एका आकड्यावर लावू देत नाहीत किंवा ठरावीक टेबलांवरच घेतात, म्हणून तिकीट काढतानाच विचारावं. ‘तीन हजारांच्या पॅकेजात दोन हजारांची टोकनं परत’ अशी जाहिरात असेल, तर लाल-काळ्याच्या हिशेबाने ती हजारभराची सूट आहे असं धरून चालावं.

रोख देऊन घेतलेल्या चिप्स वेगळ्या. त्या काउंटरवर परत करता येतात. रूलेटला आणखी एक पोटभेद आहे: टेबलाशी बसलात की डीलर तुम्हाला एका रंगाच्या चिप्स देतो, कारण एकाच आकड्यावर चार जणांनी लावलं तर कोणाचं काय हे रंगावरून कळतं. या रंगीत चिप्सची किंमत त्या टेबलापुरतीच असते. उठताना त्याच डीलरकडे त्या देऊन नेहमीच्या चिप्स घ्यायच्या. त्या खिशात घालून दुसऱ्या टेबलाशी किंवा काउंटरवर गेलात तर परत पाठवतात, आणि तोपर्यंत टेबल बंद झालं असेल तर पिट बॉसला, म्हणजे टेबलांवर देखरेख करणाऱ्याला, शोधत बसावं लागतं.

डीलरांचं काम मात्र बघण्यासारखं आहे. गोळी आकड्यात पडली की तो त्या आकड्यावर काचेची खूण ठेवतो. खूण उचलेपर्यंत कोणी टेबलावर हात घालायचा नाही. मग हरलेल्या चिप्स एका हाताने ओढून बाजूला, जिंकणाऱ्यांचे पैसे लांबच्या पैजेपासून जवळच्या पैजेपर्यंत क्रमाने, आणि एका आकड्याला ३५ पट द्यायचे म्हणून ३५ चा पाढा तोंडपाठ. रोख पैसे तुमच्या हातातून तो घेत नाही. नोटा टेबलावर ठेवायच्या, तो त्या वरच्या कॅमेऱ्याला दिसतील अशा पसरून मोजतो. पाळी बदलून जाताना दोन्ही तळवे उघडून दाखवतो. पत्ते, चक्र, पैसे या बाबतीत लबाडी होत असेल अशी शंका घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की बोटीला लबाडीची गरजच नाही. तिचा नफा गणितात आहे, आणि ते गणित टेबलावर उघडं मांडलेलं असतं.

तेच गणित पाहू. एका शून्याच्या रूलेटवर बोटीचा वाटा लावलेल्या रकमेच्या २.७ टक्के. दोन शून्यांचं चक्र असेल तर ५.२६ टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट. म्हणून बसण्याआधी हिरवी घरं, म्हणजे शून्यं, मोजावीत. बॅकरा या पत्त्यांच्या खेळात ‘बँकर’ आणि ‘प्लेअर’ अशा दोन बाजूंपैकी कोण जिंकेल त्यावर पैज असते: बँकरवर १.०६, प्लेअरवर १.२४, पण ‘टाय’वर, म्हणजे बरोबरीवर, आठपट मिळण्याच्या लोभाने लावलंत तर १४ टक्क्यांहून जास्त. अंदर-बाहरमध्ये उघड्या पानाच्या जोडीचं पान दोनपैकी कोणत्या बाजूला पडतं त्यावर पैज असते, आणि ज्या बाजूला पहिलं पान पडतं ती बाजू सुमारे ५१.५ टक्के वेळा जिंकते. म्हणूनच त्या बाजूला १०० ला ९० च देतात. तसं असेल तर त्या बाजूला सुमारे २.१५ टक्के आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण पैसे देऊनही सुमारे ३ टक्के बोटीचे. ब्लॅकजॅक पुस्तकी पद्धतीने अचूक खेळणाऱ्याला अर्ध्या टक्क्याच्या आसपास पडतो, पण अंदाजाने खेळणाऱ्याला त्याच्या कितीतरी पट. तीन पत्तीच्या टेबलावर बाजूला ‘जोडी आली तर इतकं, ट्रेल (तिन्ही पानं सारखी) आली तर इतकं’ अशी जी घरं आखलेली असतात, ती मुख्य डावापेक्षा जवळजवळ नेहमीच महाग पडतात.

२.७ टक्के ऐकून कोणी घाबरत नाही. घाबरायचं असतं ते वेगाला. रूलेटचे तासाला ३८ डाव धरू. प्रत्येक डावाला ५०० रुपये, पाच तास. खिशात १०,००० घेऊन आलेला माणूस तेच पैसे फिरवून फिरवून ९५,००० रुपयांच्या पैजा लावतो, आणि २.७ टक्के त्या ९५,००० वर लागतात: सरासरी २,५६५ रुपये. ही सरासरी आहे. एखादा पंधरा हजार घेऊन उठेल, दुसऱ्याचे दहाच्या दहा हजार दोन तासांत संपतील. स्लॉट मशीनवर १० रुपयांचं बटण निरुपद्रवी वाटतं, पण तासाला पाचशे वेळा दाबलं जातं, आणि तिथे बोटीचा वाटा टेबलापेक्षा बराच जास्त असतो.

गणपतीत घरी रात्रभर पत्ते चालतात त्याच्याशी याची तुलना करणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. घरच्या तीन पत्तीत चुलत्याचे गेले ते पुतण्याकडे आले. चुलीजवळचा पैसा चुलीजवळच राहिला. बोटीवर प्रत्येक डावागणिक एक हिस्सा टेबलावरून कायमचा उठतो.

त्यावर कर. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत चिप्स घेण्यासाठी दिलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. याचे व्यवहारातले तीन परिणाम आहेत. एक, कर चिप्स घेतानाच लागतो. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर त्यावर परत लागत नाही. म्हणून एकदा मोडून रोख केलेल्या चिप्स अर्ध्या तासाने पुन्हा विकत घेणं हा सरळ तोटा. दोन, न खेळता चिप्स परत केल्या तरी भरलेला कर परत मिळत नाही. तीन, तो कर कोण सोसतं ते विचारून घ्यावं. दिलेल्या १०,००० मध्येच कर धरला तर चिप्स ७,१४३ च्या मिळायला हव्यात आणि २,८५७ सरकारचे. बोट पूर्ण १०,००० च्या चिप्स देत असेल तर कर ती स्वतःच्या नफ्यातून भरते आहे, आणि तो भरून काढायला टेबलाची किमान रक्कम आणि पॅकेजचे दर चढतात. फुकट काही नसतं.

जिंकलेल्या रकमेवर आयकर सरळ ३० टक्के, त्यावर अधिभार आणि उपकर वेगळे. शनिवारी ४०,००० जिंकलात आणि रविवारी ५०,००० हरलात तर ‘निव्वळ तोटा झाला’ म्हणून सुटका नाही. हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. पॅन कार्ड बरोबर ठेवावं.

खाण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बुफे भरपूर, गरम आणि स्वच्छ असतो, जैन जेवण वेगळं मिळतं, पण पनीर, दाल, बिर्याणी, तंदुरी हाच मुख्य सूर. मांडवीच्या मध्यावर बसून चांगलं माशाचं जेवण मिळेल या अपेक्षेने जाऊ नये. दारू पॅकेजात असते ती उदारपणाने नाही. दुसऱ्या पेल्यानंतर पैजेची रक्कम वाढते हे प्रत्येक बोटीला ठाऊक आहे. मुलांसाठी काही बोटींवर वेगळी खोली असते. मुलं घेऊन जाऊ नये, इतकंच म्हणेन. सेवकवर्ग विनम्र आणि तयारीचा, सुरक्षारक्षक शांत, स्वच्छतागृहं नीट. धूम्रपानाला वेगळी जागा असली तरी वास सगळीकडे पोचतो. ज्याला एक संध्याकाळ दिवे, गाणी आणि थोडी धडधड हवी आहे, जो घरून पाच हजार ‘गेले’ असं धरून निघाला आहे आणि ते संपल्यावर उठू शकतो, त्याला या सेवेत तक्रारीला जागा नाही.

आता हीच बोट आपल्याकडे.

पहिला प्रश्न ती उभी कुठे राहणार. मांडवी ही नदी आहे, बोटी मुखाच्या आत, लाटांपासून आडोशाला नांगरलेल्या असतात, म्हणून पावसाळ्यातही त्या चालू राहतात. तरीही आत येण्याची वाट सोपी नाही: जुलै २०१७ मध्ये मांडवीत आणली जात असलेली ‘लकी सेव्हन’ ही कॅसिनो बोट खवळलेल्या समुद्रात मिरामारच्या वाळूत रुतली आणि कित्येक आठवडे तिथेच पडून राहिली. मालवण बंदर तर खडकांनी वेढलेलं, पश्चिमेला उघडं. शिवाय १९८७ मध्ये घोषित झालेलं मालवण सागरी अभयारण्य तिथेच आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ल्याचा परिसर त्यातच. किल्ल्याकडच्या प्रवासी होड्या दर वर्षी २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात ते उगाच नाही. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचे पट्टे दर पावसात जागा बदलतात. तिथे सपाट बुडाची हाऊसबोट ठीक आहे, शेकडो माणसांची बोट नाही. वेंगुर्ले उघडं बंदर. आडोसा आणि खोली दोन्ही पाहायची तर विजयदुर्गची वाघोटण खाडी हीच त्यातल्या त्यात बरी, पण ती मालवणपासून लांब, आणि मागणी करणारे बहुतेक जण मालवण-वेंगुर्ल्याचे.

म्हणजे मालवणात बोट आणलीच तर ती तीन महिने बंद. लायसनची फी मात्र वर्षाची. कोणताही चालक दोन वर्षांत सरकारकडे येऊन म्हणेल की पावसाळ्यापुरतं तरी किनाऱ्यावरच्या हॉटेलात चालवू द्या. त्याचं म्हणणं धंद्याच्या दृष्टीने योग्यच असेल, आणि सरकारला नकार देणं अवघड जाईल. गोव्यात विरोधी पक्षात असताना मनोहर पर्रीकरांनी कॅसिनोंविरुद्ध आंदोलन केलं. सत्तेवर आल्यावरही बोटी मांडवीतच राहिल्या आणि त्यांना तिथून हलवण्याची मुदत पुढे पुढे जात राहिली. कोणा एका माणसाला यात दोष द्यायचा नाही. एकदा राज्याच्या तिजोरीत हा पैसा यायला लागला की तो सोडून देणं कोणत्याही सरकारला जमत नाही, हे मालवणने आधीच ओळखून असावं.

आणि तो पैसा राज्याच्याच तिजोरीत जातो. ४० टक्क्यांपैकी अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. लायसन फी राज्याची. नगरपरिषदेच्या वाट्याला येते ती पार्किंगची कोंडी, रात्री दोन वाजताची वाहतूक आणि कचरा. ज्या हिशेबात गावाचा वाटा कायद्यात लिहून मिळालेला नाही, तो ‘विकासाला मदत होईल’ या वाक्यावर सोडू नये.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि ज्यावर फारसं कोणी बोलत नाही, ते म्हणजे घड्याळ. मालवणचं पर्यटन सकाळचं आहे. स्कूबाला समुद्र सकाळी शांत असतो आणि पाणी स्वच्छ दिसतं. दुपारी वारा सुटला की डाव संपला. किल्ल्याची होडी, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना बघणं, बंदरावरचा मासळीचा लिलाव, तारकर्लीची डॉल्फिनची फेरी, सगळं उजाडल्यापासून दुपारपर्यंत. पहाटे चारला बोटीवरून उतरलेला पाहुणा बाराला उठतो. तो न्याहारीला घावणे-चटणी खात नाही, होडीत बसत नाही, स्कूबावाल्याकडे फिरकत नाही, दुपारची थाळीही उशिरा आणि अर्धवट. संध्याकाळी पुन्हा बोट, आणि जेवण-दारू तिकिटातच. आज एक कुटुंब मालवणात दोन दिवस राहिलं तर त्याचा पैसा होमस्टेची मालकीण, तिला मासे देणारी गाबीत बाई, होडीवाला, स्कूबाचा पोरगा, रिक्षावाला, खाजं आणि कोकम विकणारा, अशा सहा-सात घरांत जातो. तोच माणूस कॅसिनोला आला तर खोलीचं भाडं आणि रिक्षा सोडून बाकी सगळं एका बोटीत. खोल्या भरल्या म्हणून हॉटेलवाला खूश होईल, आणि ते खरंही असेल. पण मालवण म्हणजे नुसते हॉटेलवाले नव्हेत.

बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा नोकऱ्यांचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. सावंतवाडी, दोडामार्ग, बांद्याची मुलं आजही रोज सीमा ओलांडून गोव्यात कामाला जातात. घराजवळ पगार मिळाला तर कोणाला नको? बोटीवर डीलर, कॅशियर, स्वयंपाकी, खलाशी, सुरक्षा, सफाई अशी बरीच कामं असतात. पण डीलरला काही आठवड्यांचं कडक प्रशिक्षण, झटपट आकडेमोड आणि चांगलं हिंदी-इंग्रजी लागतं, आणि नवा चालक पहिल्या दिवशी आधीच तयार असलेले डीलर आणतो. मांडवीतल्या टेबलांवर नेपाळ आणि ईशान्य भारतातली मुलं-मुली बरीच दिसतात ती त्यामुळे. स्थानिकांना पहिल्यांदा मिळतं ते सफाई, सुरक्षा आणि फीडर बोटीचं काम. ते वाईट काम नाही, पण ‘हजारो नोकऱ्या’ म्हणताना कोणत्या नोकऱ्या हे विचारायला हवं. किती पदं, किती टक्के तालुक्यातली, कोणत्या दर्जाची, हे लायसनच्या अटीतच नसेल तर नंतर कोणी ऐकत नाही.

आता स्थानिकांच्या प्रवेशाचा प्रश्न. गोव्यात १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. सिक्कीमनेही आपल्या लोकांना बंदी केली. मेघालयाने २०२१ मध्ये कायदा करतानाही खेळणारे बाहेरचेच असतील असं म्हटलं होतं, तरी लोकांनी, चर्चने विरोध केला आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. जी सेवा विकणारं राज्यच आपल्या माणसांना घेऊ देत नाही, तिच्या परिणामांबद्दल यापेक्षा स्पष्ट कबुली दुसरी नसेल. आणि त्या बंदीचा अर्थ आपल्यासाठी असा की गोव्याची बोट म्हापशाच्या माणसाला परत पाठवते आणि सावंतवाडीच्या माणसाला आत घेते.

मालवणात हीच बंदी कशी लावणार? महाराष्ट्राच्या सगळ्या रहिवाशांना बंदी केली तर मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक गेलं, धंदाच राहत नाही. फक्त सिंधुदुर्गच्या पत्त्याला बंदी केली तर कोल्हापूर आणि रत्नागिरी आत. आणि चाकरमानी? त्याचं घर कांदळगावात किंवा आचऱ्यात, आईवडील तिथे, जमीन तिथे, पण आधार कार्डावर पत्ता डोंबिवलीचा किंवा विरारचा. गणपतीला आणि मे महिन्यात, बोनस किंवा सुट्टीचे पैसे खिशात घेऊन, तो जत्रेला जावं तसा बोटीवर जाईल, आणि दारावरचा माणूस त्याला कायद्याने अडवू शकणार नाही. स्थानिकांना बंदी हा गोव्यात निदान कागदावर बसणारा नियम आहे. कोकणात, जिथे निम्मं घर मुंबईत असतं, तिथे तो पहिल्याच चतुर्थीला फाटेल. बंद खोल्यांतला, जत्रेच्या मागच्या अंधारातला जुगार कायदेशीर कॅसिनो आल्यावर संपेल हाही भ्रम आहे. तिथला गिऱ्हाईक पन्नास-शंभर लावणारा, त्याला तीन हजारांचं तिकीट परवडत नाही. तो तिथेच राहील आणि वर बोट येईल.

किनाऱ्यावरच्या गावाचं पुढे काय होतं याचं एक मोठं उदाहरण अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीचं. १९७६ मध्ये मतदान घेऊन परवानगी दिली, १९७८ मध्ये पहिला कॅसिनो उघडला. शेजारच्या राज्यांनी आपापले कॅसिनो काढेपर्यंत बरं चाललं. २०१४ या एका वर्षात बारापैकी चार बंद पडले. मालवणच्या शेजारी तर आधीपासूनच गोवा आहे, तयार बोटी, तयार डीलर आणि दोन विमानतळांसह. मोपाला उतरलेला जुगारी उलट दिशेने मालवणला का यावा, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं ऐकलं नाही.

पुढेमागे सरकारने तरीही प्रस्ताव पुढे आणला, तर ग्रामसभेत आणि नगरपरिषदेत लेखी मागण्यासारख्या गोष्टी या: नगरपरिषदेचा वाटा टक्क्यांत आणि कायद्यात; अभयारण्याच्या हद्दीत आणि तिच्या लगत नांगर नाही; सांडपाणी रोज किनाऱ्यावर आणून प्रक्रिया, त्याची नोंदवही लोकांना पाहता येईल अशी; जेटीला सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमनाच्या नियमांची, मंजुरी आधी, बांधकाम नंतर; प्रवेशाला आधारच्या पत्त्याबरोबर जन्मगाव किंवा जमिनीची नोंद कशी तपासणार त्याची पद्धत; आणि घरच्या माणसाने अर्ज दिला तर एखाद्याचा प्रवेश कायमचा बंद करण्याची सोय. शेवटच्या अटीवर अजिबात मागे हटू नये. बायकोने किंवा आईने दिलेला अर्ज दारावरच्या संगणकात त्याच रात्री चढायला हवा, सात दिवसांनी नव्हे.

आणि ज्यांच्या घरात हा प्रश्न आजच आहे, पणजीच्या बोटीमुळे असो की मोबाइलवरच्या खेळामुळे, त्यांनी कायद्याची वाट बघू नये. टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. फोन खेळणाऱ्यानेच करायला हवा असं नाही, घरच्यांनी केला तरी चालतो. कर्जाची यादी, कोणाकडून किती, व्याज किती, कागदावर लिहून मग बोलावं. आणि तोवर पगाराचं खातं, एटीएम कार्ड आणि सोनं गहाण ठेवण्याच्या पावत्या घरातल्या दुसऱ्या माणसाच्या ताब्यात असाव्यात.